बाहेर पडायला कार्ड लागत नाही

६ फेब्रुवारी

ताई,

पत्र पोचलं. इतक्या महिन्यांच्या अबोल्यानंतर तुझं अक्षर दिसलं म्हणून आनंदानं पाकीट फोडलं, आणि दुसऱ्याच ओळीला आनंद ओसरला. अक्षर तुझं आहे, पण 'सदर बाब' आणि 'योग्य तो निर्णय' हे शब्द तुझे नव्हेत. तू जन्मात कधी 'सदर' म्हणाली नाहीस. तेव्हा दाजी, तुम्हालाही नमस्कार. ताईच्या नावाचं पाकीट आधी तुम्हीच उघडता हे मला ठाऊक आहे. घाईघाईनं वाचू नका, चष्मा लावून सावकाश वाचा.

फोन का करत नाही म्हणतेस. फोनवर तू रडायला लागतेस, मी ओरडायला लागतो आणि मागून दाजींचा खोकला ऐकू येतो. कागदावर खोकता येत नाही, म्हणून पत्र.

तुझं म्हणणं थोडक्यात असं, की माझ्या इमारतीला विजेवर चालणारी कुलपं बसवायची आहेत हे जावईबापूंच्या कानावर गेलंय, त्यांचा धंदाच तो आहे, तर काम त्यांना द्यावं. म्हणजे त्यांचा राग निवळेल आणि ते तुझ्या लेकीला, खारूला, 'मोठ्या मनानं' परत घरी घेऊन जातील.

कुलपांचं आधी सांगतो, कारण ते सोपं आहे. कुलपं बदलायची आहेत हे खरं. वरच्या मजल्यावरच्या विम्याच्या कचेरीतला एक माणूस नोकरी सोडून गेला तो किल्ली खिशात घेऊनच. आता तिथल्या साहेबांना किल्ली म्हटलं की घाम फुटतो. किल्ल्या घासून घासून ज्यानं ही इमारत उभी केली, त्याच्याच दारात आता किल्ली नको! पण मी रडत बसलेलो नाही. कोपऱ्यावर पोतं टाकून बसायचो तेव्हाही गिऱ्हाईक मागेल ती किल्ली बनवली, आताही काळ मागेल ते कुलूप लावीन. जावईबापूंनीही यावं, माल दाखवावा. इतरांचा बघतो तसा त्यांचाही बघीन. पसंत पडला तर घेईन, नाही पडला तर चहा पाजून पाठवीन.

खारूचं मात्र तसं नाही. ती काही गोदामातलं खोकं नव्हे, की माल पसंत पडला तर सोबत देऊन टाकायचं.

तू लिहितेस, 'सोन्यासारखा माणूस, व्यसन नाही, कधी हात उगारला नाही.' असेल. मी तिला खोदून विचारलेलं नाही. ऑक्टोबरात ती दारात येऊन उभी राहिली तेव्हा मी एवढंच म्हटलं, 'अगं, अशी अचानक कशी आलीस?' तर म्हणाली, 'पाण्याचा फिल्टर दुरुस्त करणारा आला होता.' मला वाटलं, प्रवासानं पोरगी भंजाळली. तुझ्या वहिनीनं मला डोळ्यांनीच गप्प केलं आणि पानं वाढली.

आता ती माझ्या ऑफिसात बसते. कुलपांची सगळी चौकशी तिच्याकडेच दिली आहे आणि काम चोख करते. एकच खोड लागली आहे. दारापाशी गेली की क्षणभर नुसती उभी राहते. समोर मूठ असते, फिरवायची आणि जायचं, पण ही उभी. मी चेष्टा करतो, 'काय गं, वाजंत्री बोलवू का?' तशी दचकते, हसते आणि मूठ फिरवते. लहानपणी हीच पोर कडीकोयंडे खोलून भिंतीवरून पळायची, म्हणून आपण तिचं नाव खारू ठेवलं होतं ना?

असो. जावईबापूंना म्हणावं, या.

तुझा
भाऊ


१५ फेब्रुवारी

ताई,

तुझं उत्तर मिळालं. या वेळी 'सदर' नव्हतं, त्याऐवजी 'तू तिला डोक्यावर बसवलंस' होतं. म्हणजे हे तू लिहिलंस. चांगलं वाटलं. शिव्या द्यायच्या तर स्वतःच्या द्याव्यात.

डोक्यावर म्हणशील तर खरंच बसली आहे. कुलूपवाल्यांची अशी परीक्षा घेते, की ते बिचारे रुमालानं मान पुसत बाहेर पडतात.

पहिला आला तो चेहरा ओळखणारं यंत्र घेऊन. आरशासारखं भिंतीवर लावायचं, आपण समोर उभं राहायचं, ओळख पटली की दार उघडतं. आमच्या दारवानाचा चेहरा त्यात भरला. दारवान मोठा खूष, दिवसभर त्याच्यासमोर ये-जा करत होता. दुसऱ्या दिवशी बायकोच्या सांगण्यावरून मिशी काढून आला तर यंत्र ओळखेना. हा म्हणतो, 'अरे मीच आहे रे!' यंत्राला! तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर तोंडावर पट्टी बांधून आले, तेही बाहेर. दोघं बाहेर उभे राहून एकमेकांना ओळखत होते.

मग एक बाई आल्या, त्या बोटाच्या ठशावर चालणारं कुलूप घेऊन. मी मालक, म्हणून पहिलं बोट माझं. ठेवलं. आतून एक गोड आवाज म्हणाला, पुन्हा प्रयत्न करा. दुसरं बोट ठेवलं. पुन्हा प्रयत्न करा. दहाही झाली. बाईंनी माझा हात उलटा करून पाहिला आणि म्हणाल्या, 'अहो, तुमच्या बोटांवर रेघाच नाहीत!' कशा असतील? सगळ्या कानशीनं खाल्ल्या. जगातल्या इतक्या कुलपांनी मला आत घेतलं आणि माझ्याच इमारतीचं कुलूप मला म्हणतं, आपण कोण? तुझी वहिनी हे ऐकून इतकी हसली, की तिला पाणी द्यावं लागलं.

खारूही हसली. हे मुद्दाम लिहितोय. मोठ्यानं हसली.

पण नंतर तिनं त्या बाईंना एक वेगळंच काम सांगितलं. म्हणाली, 'लाईट बंद करून दाखवा.' बाईंनी तार काढली. खारू दाराच्या आतल्या बाजूला गेली, दोन्ही हातांत फायलींचे गठ्ठे घेतले आणि म्हणाली, 'आता मी बाहेर कशी येऊ?' बाई म्हणाल्या, 'फायली खाली ठेवा, मूठ फिरवा.' ही म्हणाली, 'आणि फायली खाली ठेवायला सवड नसेल तर?' बाई विचारात पडल्या आणि म्हणाल्या, 'यावर काहीतरी आहे, आठवड्यात आणते.' चेहरेवाल्यानं याच प्रश्नावर 'अशी वेळ येतच नाही' म्हणून सांगितलं होतं. त्याच्यापेक्षा बाई मला आवडल्या.

वरचे विमावाले साहेब मात्र अस्वस्थ आहेत. त्यांचा करार मार्चअखेर संपतोय आणि त्यांनी मला सरळ सांगितलंय, कुलपं त्यांच्या मनासारखी लागली तर राहतील, नाहीतर दुसरीकडे जागा तयार आहे. कळतं त्याचा अर्थ? अर्धी इमारत रिकामी. आणि गंमत बघ, जावईबापू माझ्याकडे यायच्या आधी त्यांच्याकडे जाऊन आले. जिन्यात त्यांचं हसणं मला खालपर्यंत ऐकू आलं. माझे कान अजून पोत्यावर बसायचो तेव्हाचेच आहेत.

बुधवारी ते माल दाखवणार आहेत. मी खारूला म्हटलं, तू त्या दिवशी मामीबरोबर घरी थांब. तर म्हणाली, 'कुलपांची चौकशी माझ्याकडे आहे ना, मामा? मग मीच बसणार.'

भाऊ


२१ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र दाजींनी फोडलं असेल तर त्यांनी ते तुझ्या हातात द्यावं आणि तू वाचून होईपर्यंत दुसऱ्या खोलीत जाऊन बसावं. माझ्या वयाचा मान म्हणून नाही, तर पोटच्या पोरीची गोष्ट आहे म्हणून.

बुधवार झाला. जावईबापू आले. इस्त्रीचा सदरा, गोड बोलणं, माझ्या पाया पडले. खारूकडे बघून म्हणाले, 'कशी आहेस? वजन कमी झालंय.' ती म्हणाली, 'बसा. सुरू करा.' दुसऱ्या कुणाशीही बोलली असती तशीच. वरचे साहेबही येऊन बसले होते.

त्यांनी एका चौकटीत बसवलेलं छोटं दार आणलं होतं. काम सुबक, हे कबूल करायलाच हवं. कार्ड दाखवलं की हिरवा दिवा, दार उघडतं. आत गेलात, दार मागे लागतं. मग बाहेर यायचं तर पुन्हा कार्ड.

मी म्हटलं, 'बाहेर पडताना कशाला कार्ड?'

'मामा, कोण कधी बाहेर गेलं, किती वेळ गेलं, कळायला नको?' फोन पुढे केला. 'सगळं इथे दिसतं. आणि हे बघा, एखाद्याचं कार्ड इथूनच बंद करता येतं. एका बोटानं.'

साहेबांचे डोळे चमकले. 'म्हणजे चहाला गेलेला माणूस किती वेळ चहाला गेला, तेही कळेल?'

'मिनिटासकट.'

'वा!'

आता ऐक. मी विचारलं, 'जावईबापू, हे टिकतं का? कुठे लावलंय?' तर अभिमानानं म्हणाले, 'घरीच लावलंय की! लग्न झाल्यापासून. इथून दाखवतो.' आणि फोनवर त्यांनी त्यांच्या घराचं दार दाखवलं. बोट लावलं. फोनमधून आवाज आला.

ताई, कुलपाचा आवाज म्हणजे माझी अक्षरओळख. शाळेत मी काय शिकलो ते तुला माहीत आहे, पण कुलूप मी कानानं वाचतो. आधी मोटर फिरली, मग जाड दांडा चौकटीत गेला, आणि त्यानंतर आणखी एक खट् झालं. तो दुसरा खट् घराच्या दाराला नसतो. तो तिजोरीच्या खोलीला असतो. म्हणजे आतली मूठही बंद झाली. आतून कितीही फिरवा, हलणार नाही.

मी विचारलं, 'आतून मूठ चालत नाही?'

'मूठ लागतच नाही, मामा.'

'वीज गेली तर?'

'बॅटरी आहे.'

'बॅटरी संपली तर?'

हसले. 'मी आहे ना!'

तेव्हा खारूनं पेन खाली ठेवलं. आवाज चढवला नाही, काही नाही. चेहरेवाल्याला विचारलं होतं त्याच सुरात तिनं विचारलं, 'आत एक माणूस आहे. त्याचं कार्ड तुम्ही बंद केलंय. तुम्ही कामात आहात, फोन बंद आहे. त्या माणसाला बाहेर यायला किती वेळ लागतो?'

'असं होत नाही,' जावईबापू म्हणाले.

'होतं,' ती म्हणाली. 'संध्याकाळ होते.'

साहेबांनी छताकडे पाहिलं. मी फिल्टरवाल्याचा विचार करत होतो. आता कळलं मला, ताई. फिल्टरवाला आला म्हणून त्यांनी कचेरीत बसल्या बसल्या फोनवरून दार उघडलं. तो आत आला आणि त्याच्या बाजूनं ही बाहेर पडली. एक पिशवी घेऊन. मी विचारलं अशी अचानक कशी आलीस आणि तिनं अगदी सरळ उत्तर दिलं होतं. ऐकणारा मीच, एवढ्या कानांचा मी, आणि मला वाटलं पोर भंजाळली. दारापाशी ती का उभी राहते तेही कळलं. ती हिरव्या दिव्याची वाट बघत असते. आणि मी तिला वाजंत्री विचारत होतो.

जावईबापू म्हणाले, 'मामा, हिच्या काळजीपोटी केलं मी. जग कसं आहे तुम्हाला माहीत आहे. मी कधी आवाज चढवलाय? विचारा तिला.'

मी म्हटलं, 'चहा घ्या, जावईबापू. आणि चौकट उचला.'

'म्हणजे?'

'म्हणजे माल पसंत नाही. चहा गार होतोय.'

चहा न घेता गेले. जाताना आमच्या खोलीचं दार त्यांनी आपणहून उघडलं. साधी मूठ आहे, कुणालाही उघडता येते.

तू लिहिलं होतंस, कधी हात उगारला नाही. बरोबर आहे. हात उगारायला आधी उठावं लागतं. त्यांचं काम एका बोटानं होत होतं.

भाऊ


१ मार्च

ताई आणि दाजी,

या वेळी दोघांनाही लिहितो, कारण पत्र दाजींच्या अक्षरात आलं. 'घरातली गोष्ट परक्यांसमोर उघडी केलीत', 'नवरा-बायकोच्या मध्ये पडू नये', 'तिला आठ दिवसांत पोचती करा'. पोचती करा! पावतीसुद्धा द्याल बहुतेक.

दाजी, मी पोचती करणार नाही. आठ दिवसांत नाही आणि आठ वर्षांत नाही. तिला जायचं असेल तर ती जाईल, स्टेशनवर सोडायला मी येईन, खिडकीतून पाण्याची बाटली देईन. पण नेऊन घालणार नाही. हे माझं अक्षर आहे, खाली सही आहे, जपून ठेवा. चारचौघांत दाखवायचं तर तेही दाखवा. चारचौघांनी मला इमारत बांधताना विटा दिल्या नव्हत्या, त्यामुळे त्यांना घाबरायचं मला काही कारण नाही.

जावईबापूंनी आपल्या नातेवाइकांत सांगितलंय म्हणे, की मामानं भाचीला फितवलं. मी तिला काय फितवणार? तिनं मला कुलूप निवडायला शिकवलं. माझ्या धंद्यात आयुष्य गेलं ते एकाच प्रश्नात, बाहेरचा माणूस आत कसा येणार नाही? आतला माणूस बाहेर कसा येईल, हे मी कुठल्या कुलपाला कधी विचारलं नव्हतं. या पोरीनं पहिल्या दिवसापासून तेवढंच विचारलं.

त्या बोटवाल्या बाई परत आल्या. या वेळी बोटाचं यंत्र घरी ठेवून. बाहेरच्या बाजूला साधं कार्ड. आतल्या बाजूला दारभर आडवा दांडा. हात भरलेले असोत, वीज असो नसो, कमरेनं ढकला, कोपरानं ढकला, पाठीनं ढकला, दार उघडतं. कार्ड नाही, दिवा नाही, नोंद नाही. खारूनं वीज बंद केली, फायलींचे गठ्ठे घेतले, पाठ लावली आणि बाहेर आली. परत आत गेली. परत बाहेर आली. बाईंनी माझ्याकडे बघितलं, की किती वेळ चालणार हे? मी खूण केली, चालू दे.

तेच घेतलं.

वरच्या साहेबांना कळवलं, तसे ते तावातावानं खाली आले. 'तुम्ही भावनेच्या भरात निर्णय घेताय.'

मी म्हटलं, 'साहेब, कुलपांच्या बाबतीत मी भावनेच्या भरात कधी येत नाही. लग्नाच्या बाबतीत एकदा आलो होतो, ते अजून निभावतोय.'

'मला माझ्या माणसांच्या जाण्याची नोंद हवी.'

'येण्याची घ्या. कोण आलं ते कळणं तुमचा हक्क. जाणाऱ्याला अडवणारं दार माझ्या इमारतीत लागणार नाही. आग लागली तर?'

'त्या सिस्टीममध्ये आग लागली की दारं आपोआप उघडतात.'

'साहेब, ज्यांचं आपोआप बिघडलं होतं त्यांच्याच जिवावर मी ही इमारत बांधली.'

ते म्हणाले, मार्चअखेर आम्ही जातो. मी म्हटलं, जा. जाताना कार्ड लागणार नाही.

तुझी वहिनी जेवताना म्हणाली, 'अर्धी इमारत घालवलीत.' मी म्हटलं, 'हो.' ती म्हणाली, 'मग आता भाजी जरा जपून घ्या,' आणि मला जास्तच वाढली.

ताई, आता फक्त तुझ्याशी बोलतो. आत्यानं तुला माडीवरच्या खोलीत कोंडलं होतं, आठवतं? तुला शिवणकामाच्या शाळेच्या परीक्षेला जायचं होतं आणि त्याच दिवशी तुला बघायला माणसं येणार होती. मी सायकलच्या चाकाची तार वाकवून ते कुलूप उघडलं. आयुष्यातलं पहिलं कुलूप. पितळी, चपटं, आत एकच खटका. उघडलं तेव्हा मला वाटलं, आता तू पळशील. तू बाहेर आलीस, पायरीवर बसलीस, माझे केस विस्कटलेस आणि म्हणालीस, 'लाव परत. नाहीतर तुला मार बसेल.' आणि आपणहून आत गेलीस.

ती माणसं आली आणि त्यांनी तुला पसंत केलं. दाजी, ती माणसं म्हणजे तुम्ही. तुम्हाला नावं ठेवायला हे लिहीत नाही, तुम्हाला त्या कुलपाचं काय माहीत? पण ताईला माहीत आहे. म्हणून तिला विचारतो. खारूनंही आपणहून आत जावं, असं खरंच वाटतं तुला? दाजींचं म्हणणं मला पाठ आहे. तुझं विचारतोय.

भाऊ


१८ मार्च

ताई,

तुझं काही आलं नाही. मीच लिहितो.

विमावाले मार्चअखेरची वाटही न बघता गेले. वरचे मजले रिकामे झालेत आणि आवाज घुमतो. नवीन भाडेकरू बघायला येतात, दांडा ढकलून बघतात, लहान मुलांसारखे दोनदा-तीनदा ढकलतात. एक-दोघांना 'जाण्याची नोंद' नाही म्हटल्यावर ते गेले. नकाशे काढणारी दोन पोरं मात्र म्हणाली, 'आम्हाला असलंच हवं होतं,' आणि एक मजला घेतला. उरलेलाही जाईल. नाही गेला तर तुझी वहिनी तिथे लोणच्याच्या बरण्या ठेवीन म्हणते.

काल सगळ्या कुलपांची चाचणी होती. मुख्य बटण बंद केलं. खारू सगळ्यात वरच्या मजल्यावरून निघणार आणि प्रत्येक दार ढकलत खाली येणार, असं ठरलं. मी खाली जिन्यापाशी उभा राहिलो. पंखे थांबलेले, इमारत गप्प. वरून दांड्याचा आवाज आला, धाड्! मग पावलं. मग परत धाड्! पहिल्या दोन दारांपाशी पावलं थांबली, मला ऐकू आलं. उभी राहिली असणार. तिसऱ्यापासून थांबली नाही. शेवटी तर पळत होती, बरं का! आणि माझ्यासमोरून, मामा म्हणून हाकही न मारता, मुख्य दार कमरेनं उडवून सरळ रस्त्यावर गेली.

बाई कागद घेऊन उभ्या. 'या कुठे गेल्या?'

मी म्हटलं, 'माहीत नाही.'

'परत कधी येतील? सही हवी होती.'

'माहीत नाही.'

बऱ्याच वेळानं आली. हातात कागदात गुंडाळलेले शेंगदाणे. कुठे गेली होतीस, मी विचारलं नाही. शेंगदाणे मात्र निम्मे घेतले.

भाऊ


२९ मार्च

ताई,

तुझं एका ओळीचं पत्र मिळालं. पाकिटावर तिकीट वाकडं लावलंय, म्हणजे घाईत, दाजी अंघोळीला गेलेले असताना. 'तिच्या खोलीला आतून कडी आहे का?' एवढंच.

आहे. तिनं स्वतः विकत आणली, स्वतः बसवली. मी म्हटलं, पेचकस दे, मी लावतो. म्हणाली, 'नको.' थोडी तिरकी बसली आहे. मी ती सरळ करणार नाही.

कधी लावते, कधी नाही लावत. आता बहुतेक नाही.

भाऊ


७ एप्रिल

दाजी,

हे पत्र तुम्हालाच आहे, तेव्हा या वेळी हक्कानं फोडा.

ताई इथे आहे. काल दुपारी आली, एकटी, एक पिशवी घेऊन. तुम्ही शोधाशोध कराल म्हणून कळवतो. तब्येत बरी आहे, प्रवासात पाय सुजलेत तेवढेच. आल्या आल्या मला म्हणाली, 'वाळलास,' आणि आमच्यात काही झालंच नव्हतं अशा थाटात माझ्या खुर्चीत बसली. मग मायलेकी एकमेकींकडे बघत राहिल्या. मी तळमजल्यावर काही काम काढून गेलो. इतक्या लांबूनही ऐकू येतं मला, पण काय ऐकलं ते तुम्हाला सांगणार नाही.

एक मात्र सांगतो. संध्याकाळी दोघी चहाला बाहेर निघाल्या. ताई पुढे होती. काचेच्या दारापाशी पोचली आणि उभी राहिली. हात पदरात, नजर खाली, कुणीतरी उघडेल म्हणून. अगदी तशीच, दाजी. एवढी वर्षं तिला बघतोय मी, पण हे आजवर दिसलं नव्हतं. मागून खारू म्हणाली, 'आई, ढकल.'

'काहीतरी मोडेल गं.'

'नाही मोडत. कमरेनं ढकल.'

ताईनं इकडेतिकडे बघितलं, पिशवी काखेत मारली आणि कमरेनं असा काही धक्का दिला, की दार भिंतीला जाऊन लागलं आणि दारवान स्टुलावरून उठून उभा राहिला. हसत रस्त्यावर गेली.

ती परत कधी येणार, असं तुम्ही विचाराल. तिलाच विचारा. यायचं असेल तर दिवा लागलेला असतो, या, तुमच्यासाठी कार्ड करून ठेवलंय. ती केव्हा निघाली, कुठे गेली, किती वेळ गेली, ते मात्र आमच्याकडे मिळणार नाही. आमची दारं त्याची नोंद ठेवत नाहीत.

तुमचा
मेहुणा